न्यायमूर्ती जॉर्ज विथ : एक चरित्र आणि एक कलम



स्मृतिव्याख्यानात एखाद्या थोर पुरुषाचे गुणवर्णन करावे, असा आपल्याकडचा रिवाज आहे. आज ज्यांचे चरित्र आपणापुढे मांडावयाचे आहे ते जॉर्ज विथ (१७२६–१८०६) गुणवर्णनास सर्वथा पात्र होते. वकील, विधिमंडळाचे सदस्य, सभापती, न्यायाधीश आणि अमेरिकेतील विधिशास्त्राचे पहिले प्राध्यापक असा त्यांचा लौकिक आहे. थॉमस जेफरसन, जॉन मार्शल आणि हेन्री क्ले हे तिघेही त्यांच्या हाताखाली तयार झाले. ज्या शाळेत शिक्षकाच्या स्मरणार्थ व्याख्याने होतात तेथे या गुरूची ओळख करून द्यावी, एवढे कारण वस्तुतः पुरेसे होते.

परंतु विथ यांच्या चरित्राचा शेवट असा आहे की तो वाचल्यावर नुसत्या गुणवर्णनावर थांबता येत नाही. १८०६ साली त्यांच्यावर विषप्रयोग झाला. त्या सकाळी स्वयंपाकघरात काय घडले हे पाहणारी व्यक्ती जिवंत होती, बोलावयास तयार होती. तरीही न्यायालयात तिला बोलता आले नाही. तिची साक्ष घेण्यास कायद्याची बंदी होती. आणि बंदीचे ते कलम ज्या मसुद्यातून त्या वेळच्या कायद्यात आले, तो विधिमंडळाला सादर करणाऱ्या पत्रावर जेफरसन यांच्या सहीबरोबर विथ यांची सही होती. न्यायी माणसाने एक अन्याय कायद्याच्या पुस्तकात राहू दिला, तर त्याचे पुढे काय होते, हा माझ्या आजच्या विवेचनाचा विषय आहे.

विथ यांचा जन्म व्हर्जिनिया वसाहतीत, समुद्रकाठच्या एलिझाबेथ सिटी परगण्यातील चेस्टरव्हिल या मळ्यावर झाला. मळा म्हणजे तंबाखूची शेती आणि ती कसणारे आफ्रिकी गुलाम, हे त्या काळच्या व्हर्जिनियात गृहीतच होते. वडील थॉमस विथ हे जॉर्ज अगदी लहान असतानाच वारले. मातोश्री मार्गारेट सुविद्य होत्या. मुलाच्या शिक्षणाचा पाया त्यांनी घरीच घातला. या मातोश्रींचे आजोबा जॉर्ज कीथ हे क्वेकर पंथाचे उपदेशक. १६९३ साली गुलामांच्या खरेदीविरुद्ध त्यांच्या मंडळींनी काढलेली पुस्तिका ही अमेरिकेतील अशा पहिल्या छापील लेखनांपैकी एक मानली जाते. म्हणजे ज्या घरात गुलाम राबत होते त्याच घराण्यात गुलामगिरीचा निषेधही होता. हा अंतर्विरोध विथ यांना वारशानेच मिळाला, आणि आयुष्यभर त्यांना तो पुरला.

स्टीफन ड्यूई या नातलग वकिलांकडे उमेदवारी करून विथ यांनी कायद्याचे ज्ञान मिळविले आणि १७४६ साली त्यांना वकिलीची सनद मिळाली. १७५४ मध्ये वसाहतीचे महान्यायवादी पेटन रँडॉल्फ इंग्लंडला गेले असता काही काळ ते पद विथ यांनी सांभाळले. त्याच वर्षी ते विल्यम्सबर्ग या राजधानीच्या नगराचे प्रतिनिधी म्हणून प्रतिनिधिगृहात गेले. पुढे अनेक वर्षे ते त्या सभागृहाचे कधी सदस्य, तर कधी चिटणीस होते. ग्रीक व लॅटिन या भाषांचा त्यांचा व्यासंग एवढा होता की त्या वसाहतीत त्यांच्या तोडीचा दुसरा पंडित नाही, असे समकालीनांचे मत होते. १७६४ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने मुद्रांकाचा कर बसविण्याचे घाटले, तेव्हा कॉमन्स सभेला पाठवावयाच्या निषेधपत्राचा मसुदा त्यांनीच तयार केला. तो सहकाऱ्यांना इतका कडक वाटला की त्यांनी सौम्य करून मग पाठविला.

१७७५ साली ते फिलाडेल्फियाच्या काँग्रेसमध्ये गेले. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर व्हर्जिनियाच्या प्रतिनिधींच्या सह्यांत त्यांची सही सर्वांत वर आहे. वास्तविक, सह्या झाल्या त्या वेळी ते व्हर्जिनियात होते आणि त्यांनी नंतर सही केली. परंतु सहकाऱ्यांनी त्यांच्यासाठी वरची जागा रिकामी ठेवली होती. या मोकळ्या जागेत त्यांच्याविषयीचा आदर दिसतो. पुढे १७८७ च्या घटना परिषदेसही ते गेले, पण पत्नीच्या आजारपणामुळे लवकर परतले. १७८८ मध्ये व्हर्जिनियाने ८९ विरुद्ध ७९ मतांनी संघराज्याची घटना मान्य केली. त्या परिषदेत मान्यतेचा ठराव विथ यांनी मांडला होता.

आता मूळ विषयाकडे येतो. स्वातंत्र्य जाहीर झाले, तसा व्हर्जिनियापुढे प्रश्न उभा राहिला की राजाच्या नावाने चालत आलेले कायदे प्रजासत्ताकास कसे शोभावेत? १७७६ च्या अखेरीस सर्व कायद्यांची फेररचना करण्यासाठी पाच जणांची समिती नेमण्यात आली. त्यांपैकी जॉर्ज मेसन यांनी काम सोडले, टॉमस लडवेल ली वारले आणि जेफरसन, विथ व एडमंड पेंडलटन हे तिघे उरले. तिघांनी काम वाटून घेतले. इंग्लंडच्या जुन्या कायद्यांचा भाग जेफरसन यांनी, त्यानंतरच्या ब्रिटिश कायद्यांचा विथ यांनी, तर वसाहतीच्या स्वतःच्या कायद्यांचा पेंडलटन यांनी पाहिला. जून १७७९ मध्ये १२६ विधेयकांचा अहवाल विधिमंडळाला सादर झाला.

या १२६ विधेयकांत मानवजातीने अभिमान बाळगावा असे पुष्कळ होते. धर्मस्वातंत्र्याचे सुप्रसिद्ध विधेयक त्यांतलेच. १७८६ च्या आरंभी त्याचा कायदा झाला. सर्व स्वतंत्र मुलामुलींना काही वर्षे विनामूल्य शिक्षण मिळावे, अशी योजनाही त्यांत होती. ती मात्र त्या वेळी संमत झाली नाही. आणि याच संग्रहात ५१ व्या क्रमांकाचे, गुलामांविषयीचे विधेयक होते. जेफरसन यांनी पुढे लिहून ठेवले आहे की, पुढील पिढ्यांतील गुलामांना मुक्त करण्याची एक दुरुस्ती समितीने मनात योजून ठेवली होती, विधेयक चर्चेस आल्यावर ती मांडावयाची होती. ती कधीच मांडली गेली नाही. लोकमत तयार नाही, असे सांगण्यात आले. विधेयकात मात्र जुनेच नियम शब्द आटोपशीर करून उतरविण्यात आले. त्यांतला एक नियम असा की, निग्रो अथवा मिश्रवर्णीय व्यक्तीची साक्ष केवळ निग्रो व मिश्रवर्णीयांविरुद्धच्या फौजदारी खटल्यांत, किंवा ज्यांत दोन्ही पक्षकार त्याच वर्णाचे आहेत अशा दिवाणी दाव्यांत घेतली जाईल. याचा सरळ अर्थ हा की गोऱ्या माणसाविरुद्ध काळ्या माणसाचा शब्द न्यायालयाच्या कानापर्यंत पोहोचावयाचा नाही, मग तो काळा माणूस गुलाम असो वा स्वतंत्र. हा निर्बंध वसाहतकाळापासूनचा होता, समितीने तो नव्याने शोधून काढला नाही. १७८५ साली विधिमंडळाने तो नव्या प्रजासत्ताकाचा कायदा म्हणून पुन्हा संमत केला.

हे कलम कोणाच्या लेखणीतून उतरले हा प्रश्न गौण आहे. या विधेयकाचा मसुदा सामान्यतः जेफरसन यांचा मानतात. पण अहवाल तिघांचा होता. धर्माच्या बाबतीत शतकांची रूढी उलथून टाकण्याचे धैर्य ज्या समितीत होते, तिने येथे जुने वाक्य पुढे चालू दिले.

अहवाल सादर झाला त्याच वर्षाच्या अखेरीस विल्यम अँड मेरी महाविद्यालयात विधिशास्त्राचे अध्यासन स्थापन होऊन विथ यांची त्यावर नेमणूक झाली. अमेरिकेतील महाविद्यालयात कायद्याचे असे अध्यासन यापूर्वी नव्हते. तोवर होतकरू वकील एखाद्या वकिलाच्या कचेरीत कागद नकलून काढीत शिकत असे. जेफरसन स्वतः १७६२ पासून सुमारे पाच वर्षे विथ यांच्या हाताखाली शिकले होते, आणि या शिष्याने गव्हर्नर झाल्यावर गुरूसाठी हे अध्यासन निर्माण करविले. विथ यांची अध्यापनपद्धती विद्यार्थ्यांच्या अंगावर जबाबदारी टाकणारी होती. व्याख्यानांखेरीज ते अभिरूप न्यायालय भरवीत व विद्यार्थ्यांकडून वकिली करवून घेत. जुन्या सभागृहात अभिरूप विधिमंडळ भरवून त्यांच्याकडून विधेयके मांडवून घेत आणि स्वतः सभापतीच्या आसनावर बसत. आपल्या शाळांतून होणाऱ्या अभिरूप लोकसभांचे हे पूर्वरूपच म्हणावे लागेल. पुढे संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश झालेले जॉन मार्शल १७८० मध्ये याच वर्गात बसले होते.

न्यायाधीश म्हणून विथ यांची कारकीर्द १७७८ पासूनची. व्हर्जिनियाच्या उच्च चॅन्सरी न्यायालयात, म्हणजे कायद्याच्या अक्षराने न्याय मिळत नसेल तेथे समन्यायाच्या तत्त्वाने तो देणाऱ्या न्यायालयात, ते प्रथम तिघांपैकी एक आणि १७८८ नंतर एकटेच न्यायाधीश होते. १७८२ साली राजद्रोहाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या तिघांचे एक प्रकरण न्यायालयापुढे आले. विधिमंडळाच्या एकाच सभागृहाने त्यांना दिलेली माफी वैध ठरते काय, असा प्रश्न होता. त्या वेळी विथ यांनी बजावले की, उद्या सबंध विधिमंडळाने जरी आपली मर्यादा ओलांडली तरी न्यायाच्या आसनावरून आपण राज्यघटनेकडे बोट दाखवू आणि येथवरच तुमचा अधिकार, असे सांगू. १८०३ मध्ये त्यांचेच शिष्य मार्शल यांनी मार्बरी विरुद्ध मॅडिसन या खटल्यात हे तत्त्व संघराज्यापुरते प्रस्थापित केले. कायदाही न्यायाच्या कसोटीस उतरला पाहिजे, ही जाणीव विथ यांना किती स्पष्ट होती, हे यावरून ध्यानी येईल. युद्धापूर्वी ब्रिटिश सावकारांकडून घेतलेली कर्जे फेडलीच पाहिजेत, असा निर्णय देऊन त्यांनी शेजारपाजारच्या जमीनदारांचा रोषही पत्करला होता.

गुलामगिरीविषयीचे त्यांचे विचार वाढत्या वयाबरोबर अधिक निश्चयी होत गेले. १७८७ मध्ये पत्नी एलिझाबेथ निवर्तल्या. त्यानंतर त्यांनी आपल्या घरातील गुलामांना मुक्त करण्यास आरंभ केला. सर्वांना एकाच वेळी नव्हे, पण एकेकाला कायदेशीर लेख करून दिला. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या लिडिया ब्रॉडनॅक्स यांना त्याच वर्षी मुक्ती मिळाली. विथ रिचमंड येथे राहावयास गेले तेव्हा त्याही तेथे गेल्या आणि स्वतंत्र स्त्री म्हणून त्यांनी त्यांच्या घराची व्यवस्था पाहिली. न्यायदानातही हे परिवर्तन दिसते. जॉन प्लेझंट्स नावाच्या एका क्वेकर गृहस्थाने १७७१ मध्ये मृत्युपत्र करून, कायद्याने परवानगी मिळताच आपले गुलाम मुक्त व्हावेत, असे लिहिले होते. १७८२ मध्ये तशी परवानगी मिळाली, पण काही वारस त्यांना सोडीनात. अनेक कुटुंबांचे भवितव्य या दाव्यावर अवलंबून होते. विथ यांनी मुक्तीच्या बाजूने निकाल दिला. १७९९ मध्ये अपील न्यायालयाने मुक्ती कायम ठेवली, पण निकालाची धार बोथट केली.

त्याहून महत्त्वाचा निकाल हजिन्स विरुद्ध राइट या दाव्यातला. एकाच कुळातील तीन पिढ्यांच्या स्त्रिया, आपण रेड इंडियन वंशाच्या असून स्वतंत्र आहोत, असे सांगत न्यायालयात आल्या होत्या. विथ यांनी त्यांना मुक्त ठरविले आणि कारण देताना व्हर्जिनियाच्या १७७६ च्या हक्कांच्या जाहीरनाम्याचे पहिले कलम पुढे ठेवले. स्वातंत्र्य हा प्रत्येक मानवाचा जन्मसिद्ध हक्क असल्यामुळे, अमुक व्यक्ती माझी गुलाम आहे असे जो म्हणतो त्यानेच ते शाबित करावे, असे त्यांनी म्हटले. हा विचार मान्य झाला असता तर व्हर्जिनियातील गुलामगिरीचा पायाच खचला असता. पण नोव्हेंबर १८०६ मध्ये अपील न्यायालयाने त्या स्त्रियांची मुक्ती कायम करून विथ यांचे तत्त्व मात्र नाकारले. वर्णाने गोरी वा इंडियन दिसणारी व्यक्ती स्वतंत्र मानावी आणि काळी दिसणारी व्यक्ती गुलाम मानावी. उलट शाबित करण्याचा भार काळ्या व्यक्तीवर राहील, असा नियम ठरला. असे मत देणारे न्यायाधीश सेंट जॉर्ज टकर हे विथ यांचे शिष्य, त्यांच्या अध्यासनावर त्यांच्यानंतर बसलेले, आणि १७९६ मध्ये गुलामगिरी हळूहळू नाहीशी करण्याची योजना ग्रंथरूपाने मांडणारे गृहस्थ होते. ज्या गुरूचा निकाल तपासावयाचा तो तोवर हयात राहिला नव्हता.

१८०६ साली रिचमंडच्या त्या घरात ऐंशीच्या घरातले विथ, लिडिया ब्रॉडनॅक्स, मायकेल ब्राउन नावाचा मिश्रवर्णीय स्वतंत्र मुलगा आणि विथ यांच्या बहिणीचा नातू जॉर्ज विथ स्वीनी एवढी माणसे होती. मायकेलला विथ स्वतः ग्रीक व लॅटिन शिकवीत. मृत्युपत्रात त्यांनी लिडिया व मायकेल यांची तरतूद केली होती, आणि मायकेलच्या शिक्षणाची जबाबदारी राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी घ्यावी, अशी इच्छा नमूद केली होती. मायकेल अल्पवयात वारला तर त्याचा वाटा स्वीनीला मिळावयाचा होता. स्वीनी कर्जात बुडाला होता आणि आजोबांच्या नावाने बनावट धनादेश वटवीत होता.

मे महिन्याच्या अखेरीस एका सकाळी कॉफी घेतल्यावर विथ, मायकेल व लिडिया तिघेही भयंकर आजारी पडले. सोमल घातल्याचा संशय बळावला. १ जून रोजी मायकेल वारला. त्याच दिवशी विथ यांनी मृत्युपत्रास पुरवणी जोडून स्वीनीचे नाव वगळले, आणि ८ जून रोजी त्यांनी प्राण सोडला. लिडिया ब्रॉडनॅक्स वाचल्या. स्वीनी कॉफीच्या भांड्याजवळ होता, त्याने काहीतरी टाकले आणि कागद विस्तवात फेकला, असे त्यांनी लोकांना सांगितले होते.

सप्टेंबर १८०६ मध्ये खटला चालला. आरोपीची वकिली देशाचे माजी महान्यायवादी एडमंड रँडॉल्फ आणि नामांकित वक्ते विल्यम वर्ट यांनी केली. शवपरीक्षा करणाऱ्या वैद्यांनी विषप्रयोगाची निःसंदिग्ध ग्वाही दिली नाही. लिडिया ब्रॉडनॅक्स यांचे म्हणणे कायद्याने ऐकता येत नव्हते. ज्यूरीने स्वीनीला निर्दोष ठरविले. धनादेशांच्या प्रकरणातही, बँकेची अशी फसवणूक तत्कालीन कायद्याच्या शब्दांत बसत नसल्याने, तो सुटला.

लिडिया यांची साक्ष झाली असती तर शिक्षा झालीच असती, असे इतिहासाच्या अभ्यासकाला म्हणता येणार नाही. उलटतपासणीत ती टिकली असती किंवा नसती. वैद्यांच्या संदिग्धतेचा लाभ आरोपीला मिळालाही असता. पण ती ऐकलीच जाऊ नये, हे खटला सुरू होण्यापूर्वी एकवीस वर्षे ठरून गेले होते. ते विष कोणी घातले याचा शोध घेण्याचे न्यायालयाचे साधनच त्या कलमाने काढून घेतले होते. काळ्या माणसाला नि:शब्द करण्यासाठी ठेवलेल्या त्या कलमाने अखेर राज्यातील सर्वांत आदरणीय न्यायाधीशाच्या मृत्यूचा न्यायही अशक्य केला. आणि लक्षात ठेवावयाची गोष्ट अशी की विथ यांच्याबरोबर मायकेल ब्राउन हा मुलगाही गेला. त्याच्या बाजूने तर त्या घरात बोलू शकणारे दुसरे कोणी उरलेच नव्हते.

पुढच्या वर्षी लिडिया ब्रॉडनॅक्स यांनी जेफरसन यांना पत्र लिहून, आपली दृष्टी अधू झाल्याचे व निर्वाह कठीण झाल्याचे कळविले. जेफरसन यांनी ५० डॉलर पाठविण्याची व्यवस्था केली. कायद्याची फेररचना करणाऱ्या समितीतील सदस्याकडून त्या स्त्रीला मिळाले ते एवढेच. साक्ष देण्याचा अधिकार वंश न पाहता सर्व नागरिकांना देणारा संघीय कायदा १८६६ साली, म्हणजे त्या खटल्यानंतर बरोबर साठ वर्षांनी आणि यादवी युद्धात लाखो माणसे खर्ची पडल्यावर झाला. त्यानंतर अवघ्या सात वर्षांनी महात्मा जोतीराव फुले यांनी आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या तेथील सदाचारी जनांना अर्पण केला. मराठी वाचकाला तो लढा परका वाटू नये, हे त्या अर्पणपत्रिकेने केव्हाच सांगून ठेवले आहे.

जॉर्ज विथ यांचा न्याय कसा करावा? आपल्या काळाच्या मानाने ते फार पुढे होते, हे खरे. गुलाम मुक्त करणारे, मिश्रवर्णीय मुलाला ग्रीक शिकविणारे, जन्मसिद्ध स्वातंत्र्य हे निकालपत्रात लिहिणारे न्यायाधीश व्हर्जिनियात दुसरे नव्हते. परंतु १७७९ मध्ये लोकमत तयार नाही म्हणून जे वाक्य तसेच राहू दिले गेले, ते त्यांच्या वैयक्तिक औदार्यापेक्षा अधिक काळ टिकले. लिडिया ब्रॉडनॅक्स यांना त्यांनी स्वातंत्र्य दिले, घरात सन्मान दिला, मृत्युपत्रात वाटा दिला. न्यायालयात शब्द देणे मात्र एकट्याच्या हातचे नव्हते; तो विधिमंडळाने द्यावयाचा होता, आणि तो मागण्याची संधी त्यांच्या हातून एकदा गेली होती.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यातील कोणी उद्या वकील होईल, कोणी नगरसेवक, कोणी एखाद्या संस्थेच्या घटनासमितीवर बसेल. जुने नियम नव्या कागदावर उतरविण्याचे काम तुमच्याकडे येईल तेव्हा ते रुक्ष वाटेल आणि एखादे कलम पूर्वीपासूनच आहे म्हणून तसेच ठेवावे, असा मोह होईल. त्या कलमाने कोणाचे बोलणे थांबते, एवढे तेव्हा विचारा. विल्यम्सबर्गमधील विथ यांचे घर आजही जतन करून ठेवले आहे, तेथील विधी महाविद्यालयाला मार्शल यांच्याबरोबर त्यांचे नाव आहे. ज्या गुरूने विद्यार्थ्यांना अभिरूप विधिमंडळात बसवून कायदा करावयास शिकविले, त्यांच्या चरित्रातून हा धडाही घेतला तर त्या गुरूचा अनादर होईल असे मला वाटत नाही.